धुरपताबाईची सोलर प्लेट

धुरपताबाई राठोडनं गुलाबचंदला भर बाजारात चोर म्हटलं, त्या दिवशी मी दुकानात एका पोलक्याला हुक लावत बसलो होतो. आखाडा बाळापूरला माझं शिलाईचं दुकान, आणि त्याला खेटून गुलाबचंदचं बॅटरी चार्जिंगचं. मधे नुसता पत्रा. तिकडं कुणी शिंकलं तरी इकडं माझ्या हातातली सुई थांबायची. त्यामुळं पुढं सांगतो त्यातलं अर्धं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. उरलेलं धुरपताबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, बाबूसिंगनं, वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथं मी बाईचं धरलं आहे. ती स्वतःच्या अंगावर येणारी गोष्टही लपवत नसे.

ती साखऱ्याकडच्या एका तांड्यावरची. जत्रेत गोंदायचं काम करायची. हे काम तिच्या ना माहेरी होतं, ना सासरी. तांड्यावर दरसाल गोंदायला रूपाबाई नावाची एक म्हातारी यायची. तिची नजर गेली तेव्हा तिनं आपल्या सुया धुरपताबाईच्या ओंजळीत टाकल्या आणि म्हणाली, "तुझा हात थरथरत न्हाई. घे." हातानं एकेक टिपका टोचत टोचत बाईनं चार-पाच वर्षं काढली. मग चौऱ्याण्णव साली बॅटरीवर चालणारं गोंदायचं यंत्र घेतलं, आणि एका दिवसात पाच हात व्हायचे तिथं पंचवीस व्हायला लागले.

ती संशयी झाली ती पंच्याण्णव साली. एका फिरत्या माणसाकडून तिनं स्वस्तातली शाई घेतली आणि त्या शाईनं अकरा पोरींचे हात सुजले. दोघींना ताप भरला. पोरींच्या घरची माणसं तांड्यावर चालून आली. बाबूसिंग आडवा आला म्हणून वाचली, नाहीतर मार खाल्ला असता. पोरी बऱ्या झाल्या, पण त्या दिवसापासून नवी शाई आली की बाई आधी स्वतःच्या डाव्या हाताला टोचायची, तीन दिवस वाट बघायची, आणि मगच दुसऱ्याच्या अंगाला लावायची. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत असे टिपके होते. कुणी हसलं तर म्हणायची, "माणूस तोंडानं खोटं बोलते. कातडी बोलत न्हाई."

शाईपुरतं होतं तोवर ते शहाणपण होतं. हळूहळू ते सगळ्यालाच लागलं. दुधात पाणी, तेलात दुसरं तेल, डॉक्टरच्या इंजेक्शनात काय असेल ते देव जाणे. बाहेरचं काही प्यायचं झालं तर बाबूसिंगच्या गिलासातलाही पहिला घोट ती स्वतः घेऊन बघायची. बाबूसिंग मला एकदा म्हणाला, "मास्तर, मी घरी आलो की ती आधी माझ्या चपला बघते. चिखल कोणत्या रस्त्याचा हाय म्हणून."

बाबूसिंगकडं एक जुनी जीप होती. हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं भंगारातून जीपच्या मागं जोडायचा एक दोनचाकी ट्रेलर आणला. फौजेच्या लिलावातला असावा. त्यावर पत्र्याचं छत ठोकलं, एका बाजूला उघडणारी खिडकी केली, आत निजायला फळी टाकली. सगळे त्याला डबाच म्हणायचे. जत्रा लागली की बाबूसिंग डबा ओढून न्यायचा, जागा धरून उभा करायचा आणि जीप सोडवून दिवसभर शिटा भरायला निघून जायचा. बाई डब्यात एकटी. आत यंत्र, एक छोटा पंखा आणि एक लहान ट्यूब. पत्र्याच्या डब्यात भर दुपारीही अंधार असायचा, आणि बारीक नक्षी अंधारात होत नाही. हे सगळं एका बॅटरीवर चालायचं. जीप जागेवर नसल्यामुळं ती बॅटरी दर दोन दिवसांनी चार्जिंगला द्यावी लागायची, आणि तेवढा वेळ काम बंद.

बॅटरी यायची गुलाबचंदकडं. हा माणूस अबोल. दुकानात आंबट वास, कपड्यांना ॲसिडची भोकं. त्याच्या शर्टांना ठिगळं मीच लावायचो, म्हणून मला माहीत. बाई बॅटरी ठेवताना दहा प्रश्न विचारायची आणि नेताना वीस. बॅटरी बदलली जाईल या भीतीनं तिनं बॅटरीच्याच अंगावर गरम सुईनं पाच टिपके काढून ठेवले होते. ते मोजून घेतल्याशिवाय ती बॅटरी उचलत नसे. गुलाबचंद तिला मोजू द्यायचा. बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली मात्र तो दर वेळी पुढं करायचा, आणि दर वेळी बाई ती हातानं सारायची. "पानी बी इकायला लागले आता," एवढं म्हणून ती जायची.

दोन हजार तीनच्या दिवाळीआधी बॅटरीनं दम सोडला. सकाळी नेलेली दुपारी बसायची. एका गिऱ्हाइकाच्या मनगटावर मोर निम्मा झाला आणि यंत्र थांबलं. ती पोरगी रडत गेली. दुसऱ्या दिवशी मंगळवार, बाळापूरचा बाजार. बाईनं बॅटरी डोक्यावर घेतली, गुलाबचंदच्या पायरीवर आपटली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडली, "चार वर्षं माझी बॅटरी अर्धी भरून देऊन राहिला हा चोट्टा! आतलं तेजाब काढून दुसऱ्याला घालते हा! कुणी देऊ नका रे याच्याकडं!"

मी हुक टाकून बाहेर आलो. पन्नासेक माणसं जमली होती. गुलाबचंदनं आतून काचेची नळी आणली. तिच्या एका टोकाला रबरी फुगा असतो. बॅटरीतलं पाणी आत ओढलं की त्यात एक काडी तरंगते. वर तरंगली तर बॅटरी भरलेली, बुडाली तर रिकामी. त्यानं आदल्या दिवशी भरलेली दुसरी एक बॅटरी दाखवली, मग बाईची. पहिलीत काडी वर तरंगली, बाईच्या बॅटरीत बुडाली.

"मी भरून देतो, बाई. पण तुमची टिकत न्हाई," तो म्हणाला. "तुमी घागर म्हणून आणता. आत आता तांब्याएवढीच जागा उरली. यात पाणी कोणतं..."

"नळी बी तुझीच, काडी बी तुझीच!" बाईनं त्याला पुरं बोलूच दिलं नाही.

गुलाबचंदनं नळी फडक्यानं पुसली. मग म्हणाला, "असं करा. लाइन बारा बारा तास नसते, मलाच पुरं चार्जिंग करता येत न्हाई. तुमी सोलर प्लेट घ्या. उन्हावर भरते. म्हंजे माझ्याकडं यायचं कामच न्हाई. चाळीस वॅटची बास होईल. मधे कंट्रोलरचा डबा मात्र घ्या, न्हाई तर बॅटरी उकळेल. आन् वायर जाड घ्या."

लोक पांगले. बाई तिथंच उभी. मी तिला पाणी दिलं, ते तिनं हातात धरलं पण प्यायली नाही.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "गिऱ्हाईक स्वतःहून दुसरीकडं काहून धाडील दुकानदार? याच्यात याचा काय फायदा?"

खरं सांगायचं तर तिनं विचारल्यावर मलाही थोडी शंका आली. त्या महिन्यात गुलाबचंदची बरीच गिऱ्हाइकं तुटली. चोर शब्द एकदा बाजारात पडला की तो उचलायला कुणी वाकत नाही.

सोलर प्लेटचा विषय मात्र बाईच्या डोक्यातून गेला नाही. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत एक माणूस गोणपाटात गुंडाळून प्लेट घेऊन आला. किंमत ऐकून बाबूसिंगचे डोळे चमकले. बाईनं प्लेट उलटी केली. मागच्या बाजूला रंग खरवडलेला होता. तिनं बोटाला थुंकी लावून घासलं, तर खाली पांढऱ्या रंगातली पुसट अक्षरं निघाली. बाईला वाचता येत नव्हतं, पण अशी अक्षरं तिनं गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या दिव्यांवर पाहिली होती.

"कोन्या गावचा दिवा इझवून आणला रे?" तिनं विचारलं.

तो माणूस गोणपाट तिथंच टाकून प्लेट घेऊन पळाला. हा किस्सा सांगताना बाईची मान ताठ व्हायची. तिचा संशय खरा ठरल्याचं हे सगळ्यात पक्कं उदाहरण होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मग बाबूसिंगला आणि जुनी बॅटरी सोबत घेऊन ती नांदेडला गेली. एक नाही, तीन दुकानं. पहिल्या दुकानदारानं कंट्रोलरची गरज नाही म्हटलं. तिला बरं वाटलं, म्हणजे गुलाबचंद खोटा. दुसऱ्यानं गरज आहे म्हटलं आणि तिनं मान हलवली, हा जास्तीचा माल खपवतो. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर माणूस होता. त्याला तिनं प्लेट रस्त्यावर उन्हात ठेवायला लावली, प्लेटला गाडीचा बल्ब जोडायला लावला आणि स्वतः पदर घेऊन प्लेटवर धरला. बल्ब विझला. पदर काढला, पेटला. मग तिनं नुसता हात एका कोपऱ्यावर धरला. बल्बचा उजेड निम्म्याहून खाली आला.

"एवढ्याशा सावलीनं?" तिनं विचारलं.

"एवढ्याशा सावलीनं," म्हातारा म्हणाला. "झाडाखाली गाडी लावाल तर काही मिळणार नाही. छताला कायमची ठोकू नका. प्लेट वेगळी ठेवा, पायावर उभी करा, उन्हाकडं तोंड करून."

इथं बाई अडली. प्लेट छताला ठोकली तर चोरी जात नाही, पण मग डबा उन्हात लावावा लागतो, पत्रा तापतो आणि गिऱ्हाईक आत बसत नाही. प्लेट सुटी ठेवली तर डबा सावलीत राहतो, पण प्लेट कोण उचलून नेईल सांगता येत नाही. ती तासभर त्या दुकानाच्या पायरीवर बसून विचार करत होती. शेवटी सुटी घेतली, सोबत वीस फूट जाड वायर, आणि प्लेटच्या चौकटीला लोखंडी साखळी. कंट्रोलरचाही डबा घेतला, कारण म्हाताऱ्यानं त्याशिवाय गॅरंटी लिहून द्यायला नकार दिला. पण म्हाताऱ्यानं "बॅटरीही नवी घ्या, ही गेलेली दिसते," असं म्हटलं तेव्हा बाई उठून उभी राहिली.

"बघा, आता निघाला पोटातला साप," ती बाबूसिंगला म्हणाली. जुनीच बॅटरी घेऊन परतली.

परतताना तिला आणखी एक गोष्ट टोचत होती, ती तिनं मला पुढं सांगितली. चाळीस वॅट, कंट्रोलर, जाड वायर: गुलाबचंद जे जे बोलला होता ते अनोळखी म्हाताऱ्यानं जसंच्या तसं सांगितलं होतं. दोघं मिळालेले असतील का? पण बाळापूरचा ॲसिडवाला आणि नांदेडचा म्हातारा कसे मिळतील, हे तिला जुळवता येईना.

चैत्रात तिनं नरसीला डबा लावला. नामदेवाच्या दर्शनाला येणारांची वर्दळ, कडक ऊन, डबा लिंबाखाली आणि प्लेट मोकळ्यावर, साखळीनं दगडाला बांधलेली. पहिले दोन दिवस यंत्र सकाळी दहा ते संध्याकाळी पाच अखंड चाललं. तिसऱ्या दिवशी कंट्रोलरवरचा, बॅटरी भरत असल्याचा हिरवा दिवा लागलेला, ऊन रखरखीत, आणि ट्यूब पिवळी पडायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी यंत्र बंद.

आता मधे गुलाबचंद नव्हता. बाईनं प्लेट पुसली, वायर बोटांनी चाचपली, कुठं कुरतडली का पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग संध्याकाळी बाबूसिंग शिटा सोडून आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "जीप धक्क्याबिगर कशी चालू व्हायली आजकाल?"

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो डब्याच्या दांडीवर बसला.

"माझ्या बॅटरीवर तू जीप चालू करतो," बाई म्हणाली. "सकाळी मी पाण्याला गेले की."

"बाजारात गुलाबचंद झाला, नांदेडात म्हातारा झाला," बाबूसिंग म्हणाला. "आता मीच उरलो व्हय?"

त्यानं जीपचं बॉनेट उघडून दाखवलं. त्यात त्याची स्वतःची नवी बॅटरी होती, महिन्याभरापूर्वी घेतलेली. बाईनं ती पाहिली, तरी "चुकले" हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. बाबूसिंगनं बॉनेट लावलं आणि जीप घेऊन निघून गेला. तीन दिवस आलाच नाही. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेला घेऊन एक बाई डब्याशी आली. शालूबाई तिचं नाव, जवळच्याच गावची. सुनेच्या मनगटावर नाव घालायचं होतं. एड्सचे फलक तेव्हा एसटी स्टँडापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडं लागलेले, त्यामुळं सुईबद्दल लोक विचारायचेच. पण ही शालूबाई वेगळीच.

"सुई नवी हाय का?"

धुरपताबाईनं पुडी दाखवली.

"पुडी माझ्या पुढं फोडा. आन् शाई कुठली? डबी इकडं द्या बरं." तिनं शाईचा वास घेतला. "पहिलं तुमच्या हाताला टोचा."

धुरपताबाईनं आपला डावा हात पुढं केला. शालूबाईनं ते टिपके पाहिले, पण तिचं समाधान झालं नाही. "हे जुने हायत. आता टोचा."

बाई मला सांगत होती, की त्या क्षणी तिच्या कानशिलात आग झाली. पंधरा वर्षं गोंदते मी, आणि ही मला असं विचारते! चार शब्द ओठावर आले होते. पण ते आतच अडकले, कारण शालूबाईचा आवाज तिला ओळखीचा वाटला. अशाच आवाजात ती स्वतः दुधवाल्याशी बोलायची, गुलाबचंदशी बोलायची, काल बाबूसिंगशी बोलली होती. तिनं गुपचूप सुई हाताला लावली. बॅटरी बसलेलीच होती, म्हणून रूपाबाईसारखं हातानंच टोचलं.

"आन् पाणी?" शालूबाईनं विचारलं. "शाई कशात कालवता? पाणी कुठलं?"

"हापशाचं. पण उकळून घेते." धुरपताबाईनं पातेलं दाखवलं.

शालूबाईनं पातेलं तिरपं केलं, आत नखानं खरवडलं. "हे पांढरं काय बसलं हो बुडाला?"

"खार हाय. आमच्याकडच्या पाण्यालाच खार लई."

हे बोलता बोलता तिची नजर फळीखालच्या बॅटरीवर गेली. बॅटरीच्या बुचांभोवती तसाच पांढरा थर होता. चार वर्षं ती त्यात पाणी घालत आली होती. तेच, हापशाचं. विकतच्या बाटलीवर तिचा भरवसा नव्हता.

सुनेचं गोंदण तिनं हातानंच पुरं केलं. वेळ लागला, पण शालूबाई शेवटपर्यंत शेजारी बसून राहिली आणि जाताना म्हणाली, "राग मानू नका, बाई. लेकरू दुसऱ्याचं हाय."

मंगळवारी बाबूसिंग नरसीला परत आला तेव्हा बाई बॅटरी घेऊन रस्त्यावर उभी होती. "बाळापूरला चल," एवढंच म्हणाली. त्यानं बॅटरी उचलून जीपमध्ये ठेवली.

त्या दिवशीही मी दुकानात होतो. बाजार भरलेला. तिला पायरी चढताना पाहून मी मशीन थांबवलं, कारण मला वाटलं पुन्हा भांडण. गुलाबचंदही उठून उभा राहिला आणि दाराच्या चौकटीला हात लावून राहिला.

"शेटजी," ती म्हणाली, "हिच्यात मी चार वर्षं हापशाचं पाणी घातलं."

गुलाबचंदनं बुच काढून बोटाएवढा टॉर्च आत धरला. बराच वेळ पाहिलं. "बॅटरीच्या आतल्या प्लेटा खाल्ल्या खारानं," तो म्हणाला. "मला वाटे तुमी बाटली दुसऱ्या दुकानातून घेता. त्या दिवशी इचारणारच होतो."

"मी इचारू दिलं न्हाई."

मग ती पायरीवरच वळली, बाजाराकडं तोंड केलं आणि चोर म्हणताना जेवढा आवाज लावला होता तेवढाच लावून म्हणाली, "ऐका! मी ह्या माणसाला चोर म्हणलं होतं. ह्यानं काही चोरलं न्हाई. माझीच चूक होती. ज्यानं माझ्या बोलण्यावर याच्याकडं यायचं सोडलं, त्यानं परत यावं."

काही लोक हसले. एक भाजीवाली म्हणाली, "आता कशाचं काय!" गुलाबचंदचे कान लाल झाले होते. त्याला हे सगळं चोर म्हणण्याइतकंच अवघड गेलं असावं. तो तिला आत ओढल्यासारखा म्हणाला, "बास, बाई, बास. या आत."

नवी बॅटरी तिनं त्याच्याकडूनच घेतली, आणि पाण्याच्या बाटल्याही. काचेची नळीही मागितली, स्वतःकडं ठेवायला. पैसे देता देता न राहवून तिनं विचारलंच, "खरं सांगा. मला सोलर घ्या म्हणून धाडलं, त्यात तुमचा काय फायदा होता?"

"तुमची कटकट जाईल, हाच," गुलाबचंद म्हणाला. मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर चार-पाच वर्षं ती प्लेट आणि तो डबा जत्रा-जत्रा फिरले. धनगरांचा लिंबाजी, मेंढ्यांमागं सहा महिने बाहेर असणारा, प्लेट घ्यायची म्हणून तिला विचारायला आला. तिनं त्याला अर्धा दिवस बसवून घेतलं: बिल घे, उलटी करून बघ, कोपऱ्यावर हात धरून बघ, वायर जाड घे. आणि शेवटी, "आन् ज्याचा इश्वास येत न्हाई, त्याला एकदा पुरं बोलू दे." संशय काही तिचा गेला नाही. माझ्याकडं पोलकं शिवायला टाकायची तेव्हा उरलेलं कापड मोजून घ्यायची. फक्त कमी भरलं तर आता आधी आपली मोजणी पुन्हा करायची.

गुलाबचंदची तुटलेली गिऱ्हाइकं सगळी परत आली नाहीत. काही आलीच नाहीत. हे तिला ठाऊक होतं, आणि बाजारला आली की ती त्याच्या दुकानापुढून मान खाली घालून जायची.

बाबूसिंगला मी एकदा विचारलं, की तुझी माफी मागितली का तिनं. तो जीपच्या टपावर पोती बांधत होता.

"माझी? न्हाई," तो म्हणाला. दोरीला गाठ मारली, ओढून बघितली. "त्या दिवशी बाळापूरहून परत चाललो होतो. वाटेत म्हणली, गाडी थांबव. उतरली, रसाच्या गाड्यावर गेली, दोन गिलास घेऊन आली. त्यातला एक मला दिला, आन् मी प्यायच्या आधी स्वतः घोट घेऊन न्हाई पाहिला." त्यानं दुसरी गाठ मारली. "मी समजलो."